दर तासाला वेळ जुळवूनही वायरलेस सेन्सरची घड्याळं का हटतात? वारंवार जुळवलं तर बॅटरी संपते.

नोडमधला (म्हणजे प्रत्येक सेन्सर-उपकरणातला) घड्याळ चालवणारा ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल साधारण ±२० पीपीएमचा असतो, म्हणजे दहा लाख सेकंदांत २० सेकंद इकडे-तिकडे. एक नोड पुढे, दुसरा मागे पळाला तर फरक ४० पीपीएम, म्हणजे तासाला १४४ मिलिसेकंद. त्यामुळे नुसती वेळ जुळवू नका, वेगातला फरकही मोजा. मागच्या आठ-दहा जुळवणींत घड्याळांत किती अंतर पडलं, त्या नोंदींतून वेळेनुसार सरळ रेषा बसवा. तिचा उतार हाच तो वेगातला फरक. मधल्या काळात नोडने स्वतःच तेवढी दुरुस्ती करत राहायची, रेडिओ बंदच. सेन्सर-नेटवर्कमध्ये वेळ जुळवणारा २००४ मधला एफटीएसपी प्रोटोकॉल हेच करतो.

टाइमस्टॅम्प, म्हणजे संदेशावरची वेळेची नोंद, कुठे घेता हेही बघा. ॲप्लिकेशनमध्ये घेतलात तर चॅनेल (सगळ्यांची सामाईक रेडिओ लहर) मोकळा होण्याची वाट पाहण्यातला वेळ त्यात मिसळतो आणि तो दर वेळी वेगळा. पॅकेट प्रत्यक्ष हवेत जातं त्या क्षणाचा, रेडिओच्या इंटरप्टमधला (रेडिओ चिप प्रोसेसरला देते त्या इशाऱ्यातला) घ्या. बहुतेकांची चूक इथेच असते (माझीही होती).

नोड उघड्यावर असतील तर तापमान छळतं. हा क्रिस्टल २५ अंशांपासून गार झाला काय किंवा तापला काय, मागेच पडतो. २० अंशांच्या फरकाला सुमारे १४ पीपीएम. अशा वेळी जुन्या नोंदी टाकून द्या आणि तापमान स्थिरावेपर्यंत जुळवणी थोडी लवकर करा.