‘हे सर्जनला सांगायलाच हवं का?’

मोतीबिंदू असो, हर्निया असो, मणका असो. ऑपरेशनची तारीख ठरली की एचआयव्हीवरच्या, म्हणजे एआरटीच्या गोळ्या घेणारा माणूस ठाण्यात माझ्या नौपाड्यातल्या समुपदेशनाच्या खोलीत येतो, खुर्ची जरा पुढे ओढतो आणि आवाज खाली आणून विचारतो, ‘‘मॅडम, हे सर्जनला सांगायलाच हवं का?’’ गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न इतक्यांदा आला की शेवटी लिहायला बसले.

उत्तर एका अक्षराचं आहे, हो. पण नुसत्या ‘हो’ने कुणाचं काम झालेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून बबनरावांची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, त्यांची परवानगी घेतली आहे.

बबनराव मूळचे पाटण तालुक्यातले, वय सत्तेचाळीस. वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. एचआयव्ही कळून बारा वर्षं झालेली. राहायला घणसोलीत, पण ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला यायचे. मूतखड्याच्या शंकेने सोनोग्राफी केली आणि निघालं भलतंच. हृदयातून निघून पोटात उतरणारी मुख्य रक्तवाहिनी, महाधमनी, एका जागी फुगलेली. पोटात तिची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर असते. तीनच्या पुढे गेली की तिला अन्युरिझम म्हणतात आणि पुरुषांत साडेपाचच्या पुढे गेली की डॉक्टर दुरुस्तीचं बोलू लागतात, कारण मग फुटण्याची भीती वाढते. बबनरावांची होती पाच पूर्णांक आठ.

‘‘आपलं रक्तच नासकं, मॅडम. नळी फुगणारच की.’’ पहिल्या भेटीत पहिलं वाक्य हे.

मी शेवटचा व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या मोजणीचा रिपोर्ट मागितला. विषाणू सापडलाच नाही, असं त्यावर लिहिलेलं. मी म्हटलं, ‘‘मग नासकं कुठून आलं?’’

‘‘रिपोर्टात न्हाय येत ते.’’

हे वाक्य मी डायरीत उतरवून ठेवलं. माझी जडणघडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत झाली. चुकीला चूक म्हणावं, पण त्या चुकीवरून आख्ख्या माणसाला निकालात काढू नये, हे त्यातलं मला सगळ्यात पटलेलं. बबनरावांनी स्वतःला बारा वर्षांपूर्वीच निकालात काढलं होतं. त्यांच्या लेखी हे फुगलेलं आतडं-बितडं (ते धमनीला आतडंच म्हणायचे) म्हणजे उरलेल्या शिक्षेचा हप्ता होता. पंचवीस वर्षं ओढलेल्या बिड्या आणि कधी न मोजलेलं ब्लडप्रेशर यांचा हिशेब त्यात कुठेच नव्हता.

एचआयव्हीचा यात हात नसतोच असं नाही. विषाणूमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज राहते, त्यामुळे हा त्रास काहींना तरुण वयात होतो, कधी एकापेक्षा जास्त जागी. कधी तो साल्मोनेला, क्षय, सिफिलिस अशा संसर्गाने झालेला असतो. त्यात आधी अनेक आठवडे प्रतिजैविकं द्यावी लागतात आणि दुरुस्तीचा बेतही बदलतो. म्हणून डॉक्टरांनी बबनरावांचं रक्त कल्चरला पाठवलं, सीटी अँजिओ केला. संसर्ग निघाला नाही. मांडीच्या सांध्यातून तार घालून आतून कापडी अस्तराचा स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवायचा असं ठरलं. 1990 साली ब्वेनोस आयर्समध्ये हुआन परोदी यांनी ही पद्धत वापरली ती मुळात पोट उघडणं झेपणार नाही अशांसाठी. हे मी मुद्दाम सांगितलं. कमजोर माणसासाठीच काढलेली वाट आहे, ऐकून बरं वाटेल म्हणून.

त्यांना काही बरं वाटलं नाही. ‘‘आपल्यासारख्यावर कशाला येवढा खर्च?’’

मग मी माझ्या मते फार छान प्रश्न विचारला. ‘‘बबनराव, गोणी उसवली तर काय करता?’’

‘‘दाभणानं टाचतो. न्हायतर दुसरी गोणी चढवतो.’’

‘‘फेकून देत नाही?’’

‘‘फेकून कसं चालंल? माल हाय ना आत.’’

मी थांबले. तेही थांबले. त्या दिवशी तलावपाळीवरून घरी चालत गेले ती स्वतःवर खूश होऊन. एवढी नेमकी उपमा रोज सुचत नाही, हे आजही कबूल करते.

पुढच्या भेटीला ते आले ते तसेच. उपमा त्यांना पटली होती, आवडलीही होती, टोळीतल्या मुकादमालाही ऐकवली होती. फरक शून्य.

फरक पडला तो अगदी साध्या, कारकुनी प्रश्नाने. दवाखान्यात न्यायच्या सामानाची यादी करत होतो. टॉवेल, चप्पल, रेशनकार्ड, आधार. मी म्हटलं, ‘‘आणि गोळ्यांची बाटली किती दिवसांची नेणार?’’

‘‘न्हाय नेणार.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘आठ दिस बंद ठेवणार. पोरगं बसणार हाय उशाशी.’’

बारा वर्षं रात्री नऊला एकही दिवस न चुकता घेतलेली गोळी हा माणूस नेमकी ऑपरेशनच्या आठवड्यात सोडणार होता. सर्जनला सांगणार नव्हता, कारण सर्जन बोलला की मुलाला कळणार. भीती सुरीची नव्हती, नळी फुटण्याचीही नव्हती. माझ्यासमोर दोन महिने ‘खर्च कशाला’ म्हणत होता तो बाप मुलापासून पळत होता. आणि मी गोण्या शिवत बसले होते.

इथे माझी चूक झाली. मी लगेच मुलाला सांगण्याच्या मागे लागले. बावीस वर्षांचा आहे, शिकलेला आहे, समजून घेईलच, सांगायलाच हवं. बबनराव ‘हो हो’ म्हणाले आणि पुढच्या बुधवारी आलेच नाहीत. इतरांच्या बोलण्यातला ‘च’ मी वर्षानुवर्षं पकडत आले, स्वतःचा मात्र ऐकू आला नाही.

त्यानंतरच्या भेटीला ते पत्नीला घेऊन आले. त्याही उपचारावर आहेत. शांतपणे म्हणाल्या, ‘‘ताई, पोराला कधी सांगायचं ते आमचं आम्ही बघू. तुम्ही फकस्त ऑपरेशनचं बघा.’’

गाठ तिथे सुटली. सुटली ती त्या बाईमुळे, माझ्यामुळे नाही. ‘सांगणं’ ही एकच गोष्ट आहे असं बबनराव धरून चालले होते आणि मीही. सर्जनला सांगणं वेगळं, मुलाला सांगणं वेगळं. पहिलं केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही, होऊ द्यायचंही नसतं.

कायदा याच बाजूचा आहे. 2017 चा एचआयव्ही आणि एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तुमची ही माहिती दवाखान्याने मुलाबाळांना सांगायची नाही. उपचारात सहभागी असलेल्या डॉक्टर-नर्सना गरजेपुरती माहिती देता येते. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं हा त्या कायद्याने भेदभाव ठरतो. अडवणूक झाली तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करून पुढची वाट विचारा. खर्चासाठी महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायचं, माझ्यासारखीला नाही.

आणि सर्जनला का सांगायचं? तो हातमोजे जाड घालेल म्हणून नव्हे, काळजी प्रत्येक रुग्णाला सारखीच घ्यायची असते. सांगायचं ते गोळ्यांसाठी. एआरटीतली डोलुटेग्रावीर ही गोळी घेणाऱ्याला पातळ अँटासिड किंवा लोह-कॅल्शियम त्याच वेळी दिलं तर गोळी अंगी लागत नाही. अँटासिड असेल तर नेहमीच, आणि लोह-कॅल्शियम असेल तर उपाशीपोटी असताना, ती त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी लागते. रिटोनावीर असलेल्या गोळ्यांचं कोलेस्टेरॉलच्या काही औषधांशी अजिबात जमत नाही. धमनी फुगलेल्याला सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची प्रतिजैविकं शक्यतो टाळतात. आणि एआरटी मध्येच बंद केली तर दबलेला विषाणू पुन्हा डोकं काढतो. हे सगळं सर्जनने अंदाजाने ओळखायचं का?

एक गोष्ट मात्र समुपदेशनाची नाही. धमनी फुगल्याचं माहीत असेल आणि पोटात किंवा पाठीत अचानक असह्य कळ आली, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर भेटीची वेळ घेत बसू नका. 108 लावा.

बबनरावांनी सर्जनला एकट्याने गाठून सांगितलं. मी चिठ्ठी दिली होती, ती खिशातच राहिली. सर्जनने मान वर करून विचारलं, ‘‘कुठली गोळी? किती वाजता?’’ बस. ‘‘येवढंच इचारलं, मॅडम,’’ मला सांगताना त्यांचा आवाज जवळजवळ नाराज होता. बारा वर्षं ज्याची तयारी केली तो प्रसंग अर्ध्या मिनिटात आटोपला होता.

स्टेंट बसला. महिन्याने सीटी झाला, आता दरवर्षी तपासणी आहे, जन्मभर. बिडी सुटली आहे, तंबाखूचं अजून बोलणी चालू आहेत. पाठीवर गोणी घ्यायची नाही म्हणून टोळीने त्यांना काट्यापाशी बसवलंय.

वॉर्डात बाटली सिस्टरकडे होती. नऊला ती गोळी वाटीत आणून द्यायची. तिसऱ्या रात्री मुलाने विचारलं, ‘‘ही कसली?’’

‘‘रोजची,’’ बबनराव म्हणाले, आणि त्यानेच भरून दिलेल्या पेल्यातलं पाणी प्यायले.