शिव्या आल्या की आधी स्क्रीनशॉट
शोधनिबंधावरून कुणी तुझा धर्म, वंश, बाईपण काढून गरळ ओकली, तर लगेच उत्तर द्यायला बसू नकोस. आधी स्क्रीनशॉट काढ. त्यात तारीख, खात्याचं नाव, लिंक दिसली पाहिजे. मगच ब्लॉक कर. समोरचा पोस्ट उडवून नामानिराळा होतो. पुढचे मेसेज चाळायचं काम मैत्रिणीवर सोपव. गाइडशी तोंडी बोललीस तरी मुद्दे मेलवर टाक, तक्रार करताना तेच कामी येतं. गाइडच टाकून बोलत असेल तर विभागप्रमुखांना गाठ.

२०१८च्या एका सर्वेक्षणात २६ देशांतल्या संशोधक विद्यार्थ्यांपैकी ४१ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंता दिसली होती. (त्रास असलेल्यांनीच प्रश्नावली जास्त भरली असेल, तरीही आकडा मोठाच आहे.) दोन आठवडे झोप उडाली असेल तर प्रबंध राहू दे, समुपदेशकाची वेळ घे.