‘लॉस्ट’ मालिकेतली कोणती गूढं खरंच अनुत्तरित राहिली? आणि सगळे आधीच मेलेले होते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे: नाही, मेलेले नव्हते.

तुम्ही लिहिलंय की विमान पडून एका गूढ बेटावर अडकलेल्या प्रवाशांची ही अमेरिकी मालिका नुकतीच संपवली आणि शेवट बघून वाटलं, विमान पडलं तेव्हाच सगळे गेले असणार आणि सहा सीझन आपण भुतांच्या गोष्टी बघत होतो. शिवाय वॉल्ट, लिबी, ते सहा आकडे, ध्रुवीय अस्वलं यांचं पुढे काय झालं तेही तुम्हाला हवंय. मी ही मालिका तीनदा पाहिली आहे. तिसऱ्यांदा तर निव्वळ एका मित्राशी लावलेल्या पैजेपायी, आणि ती पैज मी हरलो. त्याबद्दल शेवटी सांगतो. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं, पुढे सगळं फोडून ठेवलंय.

‘सगळे मेलेले होते’ ही समजूत पसरण्यात वाहिनीचा मोठा वाटा आहे. २३ मे २०१० ला अमेरिकेत एबीसीवर शेवटचा भाग लागला. नायक जॅक शेफर्डचा डोळा मिटला, आणि श्रेयनामावली सुरू असताना पडद्यावर किनाऱ्यावरच्या विमानाच्या अवशेषांची दृश्यं आली. माणूस एकही नाही, नुसता सांगाडा आणि लाटा. लोकांनी सरळ अर्थ काढला की कुणीच वाचलं नव्हतं. मग एबीसीला खुलासा करावा लागला की ती दृश्यं वाहिनीने जोडली होती, कथेचा भाग नव्हती. एवढ्या भावुक शेवटानंतर एकदम रात्रीच्या बातम्या नकोत, मध्ये जरा उसंत मिळावी, इतकाच हेतू होता. पण तोवर व्हायचा तो घोटाळा होऊन गेला होता.

कथेत उत्तर स्पष्ट आहे. शेवटच्या भागात चर्चमध्ये क्रिश्चियन शेफर्ड आपल्या मुलाला, म्हणजे जॅकला, सांगतो की जे घडलं ते सगळं खरं होतं, कुणी तुझ्या आधी गेलं, कुणी तुझ्यानंतर कितीतरी वर्षांनी. मृत्यूनंतरची जागा फक्त सहाव्या सीझनमधलं ते समांतर आयुष्य. बेट खरं होतं. ही बोलणी निसटली असतील तर चर्चबाहेरचा प्रसंग परत बघा. प्रवाशांपैकी हर्ली हा बेटावर आधीपासून राहणाऱ्यांचा पुढारी बेन याला म्हणतो, तू फार चांगला नंबर दोन होतास, आणि बेन त्याला म्हणतो, तू नंबर एक म्हणून उत्तम होतास. म्हणजे जॅकनंतर या दोघांनी बेट चांगला बराच काळ सांभाळलं. मेलेली माणसं कारभार कसा सांभाळतील?

आता बाकीची गूढं. माझं मत असं की ‘उत्तरच दिलं नाही’ म्हणून ज्यांच्या नावाने बोटं मोडली जातात, त्यातली बरीच उत्तरं दिलेली आहेत, फक्त एका वाक्यात आणि घाईघाईने. जंगलातली कुजबूज घ्या. पाच सीझन ती ऐकून अंगावर काटा आला, आणि सहाव्यात मायकल या प्रवाशाचं भूत येऊन दोन वाक्यांत सांगून जातं की ही पुढे जाऊ न शकलेल्या आत्म्यांची कुजबूज आहे. बस. उत्तर मिळालं, पण मिळाल्यासारखं वाटलं नाही.

आकड्यांचंही तेच. ४, ८, १५, १६, २३, ४२. बेरीज १०८, आणि हॅचमधलं, म्हणजे जमिनीखालच्या केंद्रातलं, बटणही दर १०८ मिनिटांनी दाबायचं. सहाव्या सीझनमध्ये कळतं की बेटाचा रक्षक जेकब याने आपला वारस निवडायला केलेल्या यादीत प्रवाशांना हेच क्रमांक आहेत: लॉक ४, हर्ली ८, सॉयर १५, सईद १६, जॅक २३ आणि क्वॉन ४२. पण हेच आकडे का? मालिकेत त्याला एवढंच उत्तर मिळतं की जेकबला आकड्यांचं वेड होतं. २००६ मध्ये मालिकेच्या जोडीला एक इंटरनेटवरचा खेळ काढला होता, त्यात मानवजातीचा अंत कधी होईल हे सांगणाऱ्या एका समीकरणाशी हे आकडे जोडले होते. मालिकेने ते कधी पडद्यावर आणलं नाही. माझ्या मते बरंच झालं.

खरोखर लोंबकळत राहिलेल्या गोष्टी बघितल्या तर कारण बहुतेक वेळा कथेबाहेर सापडतं. मायकलचा मुलगा वॉल्ट याचंच बघा. या मुलाने पुस्तकातल्या पक्ष्यावर मन एकाग्र केलं की तसाच पक्षी येऊन काचेवर आपटायचा, एवढी मोठी तयारी केलेलं पात्र. पण मालकम डेव्हिड केली हा अभिनेता पहिल्या सीझनच्या वेळी बारा वर्षांच्या आसपास होता. दोन सीझन दाखवायला दोन वर्षं गेली आणि बेटावर तेवढ्यात जेमतेम सव्वादोन महिने झाले. पोरगा ताडासारखा वाढला. आता काय करणार? नंतर तो लॉकला दिसतो तेव्हा उंची लपत नाही, म्हणून लेखकांनी ‘उंच झालेला वॉल्ट’ हा विनोद पात्रांच्याच तोंडी घालून वेळ मारून नेली. शेवटच्या चर्चमध्ये तो नाहीच. मात्र २०१० च्या डीव्हीडी संचात बाराएक मिनिटांचा उपसंहार आहे, तो जरूर बघा. बेन त्याला मनोरुग्णालयातून घेऊन जातो, बाहेर गाडीत हर्ली वाट बघत असतो आणि म्हणतो, तुझ्यासाठी काम आहे. अर्धी का होईना, भरपाई झाली.

लिबी या प्रवासी बाईबद्दल मात्र मलाही राग आहे. ती हर्लीबरोबर सहलीला जाणार म्हणून हॅचमध्ये ब्लँकेटं घ्यायला येते, मायकलने नुकतीच ॲना लुसिया या सहप्रवासी बाईला गोळी घातलेली असते, आणि दचकून तो हिच्यावरही झाडतो. हातात ब्लँकेटं तशीच. त्याआधी दोनच भाग आपल्याला दाखवलंय की हर्ली ज्या मनोरुग्णालयात होता तिथे हीही रुग्ण होती. मग त्याच सीझनच्या शेवटी कळतं की हॅचमध्ये बटण दाबत बसलेल्या डेसमंडला होडी हिनेच दिली. रुग्ण का होती? हर्लीला तिने ओळखलं होतं का? काहीही नाही. समांतर आयुष्यात तिची न् हर्लीची भेट होते, गोड आहे, पण प्रश्न तिथेच.

आणखी एक. मे २००७ पर्यंत लेखकांनाच ठाऊक नव्हतं की ही मालिका किती वर्षं ओढायची आहे. डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूज वाहिनीच्या मागे लागले होते की आम्हाला शेवटाची तारीख द्या. तिसऱ्या सीझनमध्ये जॅकच्या टॅटूंवर अख्खा एक भाग खर्ची पडला, तो याच काळातला. अखेर २०१० हा शेवट ठरला आणि चौथ्या सीझनपासून कथेला वेग आला. पण आधी पेरलेल्या बिया काही परत उपटून काढता येत नाहीत.

फॅन थिअरींकडे वळतो, कारण खरी मजा तिथे आहे. माझी आवडती अस्वलांची. बेटावर ध्रुवीय अस्वलं भटकताना दिसतात. चौथ्या सीझनमध्ये शार्लट या संशोधक बाईला ट्युनिशियाच्या वाळवंटात ध्रुवीय अस्वलाचा सांगाडा सापडतो, आणि गळपट्ट्यावर बेटावर प्रयोग करणाऱ्या धर्मा इनिशिएटिव्ह या संस्थेच्या हायड्रा केंद्राचं चिन्ह. त्याच सीझनच्या शेवटी बेन जमिनीखालच्या बर्फगार खोलीत जाऊन ते गोठलेलं चाक फिरवतो, आणि आपण आधी पाहिलेलंच असतं की तो थंडीचा कोट घालून कुठे उगवला: ट्युनिशियात. चाक फिरवणारा वाळवंटात फेकला जातो. मग ते अस्वल तिथे कसं पोचलं? चाहत्यांनी दोन अधिक दोन केलं: धर्मावाल्यांनी गारठ्यात टिकेल असा प्राणी आणून त्याच्याकडून चाक फिरवून घेतलं. मालिकेत हे कुणीच तोंडाने म्हणत नाही, तरी प्रत्येक तुकडा जागेवर बसतो. चांगली थिअरी अशी असते. तिला नवं काही गृहीत धरावं लागत नाही.

जाता जाता: ‘धर्मा’ हे नाव, संस्थेच्या माहितीच्या फितींच्या शेवटी ‘नमस्ते’, नंतर ‘अजिरा’ नावाची विमान कंपनी (संस्कृतात अजिर म्हणजे चपळ), हे बघून आपल्याकडच्या माणसाला वाटतं की उपनिषदात उत्तर दडलंय. मीही शोधलं. कथेत ही संस्था १९७० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी काढलेली दाखवली आहे, आणि धर्मा हे इंग्रजी आद्याक्षरांचं नाव. त्या काळातल्या अमेरिकी तरुणांना पूर्वेचं जे आकर्षण होतं, तेवढाच त्याचा मसाला.

याच्या उलट उदाहरण गुहेतल्या दोन सांगाड्यांचं. पहिल्या सीझनच्या सहाव्या भागात जॅकला ते सापडतात, सोबत एका पिशवीत एक पांढरा आणि एक काळा दगड. लॉक त्यांना ॲडम आणि ईव्ह म्हणतो. कपडे इतके कुजायला चाळीस-पन्नास वर्षं लागली असतील, असं जॅक सांगतो. लेखक पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिले की हे रहस्य उलगडेल तेव्हा पटेल, आमच्या डोक्यात सुरुवातीपासून आराखडा होता. साहजिकच चाहते तुटून पडले. सर्वांत सुंदर थिअरी रोझ आणि बर्नार्ड या वयस्क जोडप्याची होती: ते दोघं काळात मागे फेकले जाऊन १९७७ मध्ये अडकून पडले, मारामारीला कंटाळून जंगलात झोपडी बांधून राहिले, तेच एकमेकांशेजारी म्हातारे होऊन गेले असतील. सहाव्या सीझनमध्ये तर हर्ली त्याच गुहेत जॅकला म्हणतो, हे सांगाडे आपलेच असले तर? लेखक चाहत्यांना डोळा मारत होते.

आणि उत्तर काय निघालं? शेवटच्या भागाच्या थोडंच आधी कळलं की ती जेकबची पालक आई आणि काळ्या कपड्यांतला त्याचा भाऊ. जेकब दोघांना शेजारी ठेवतो, दगडांची पिशवी हातात देतो, आणि पडद्यावर पहिल्या सीझनची दृश्यं मधे मधे येतात, म्हणजे आपण विसरलो असलो तरी आठवावं. पण हे लोक लॅटिन बोलणाऱ्यांच्या काळातले, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचे. जॅकचा अंदाज चाळीस-पन्नास वर्षांचा. चला, तो मणक्यांचा सर्जन होता, पुरातत्त्वज्ञ नव्हता, असं म्हणून सोडून देऊ. रोझ-बर्नार्डवाल्यांची थिअरी शेवटच्या भागात मोडली, कारण ते दोघं कुत्र्यासह धडधाकट दिसतात. तरी मला आजही वाटतं की ती गुहा त्यांचीच असायला हवी होती.

आता पैज. पाचव्या सीझनमध्ये काळात उड्या मारताना सॉयर, ज्युलिएट, लॉक वगैरे मंडळी किनाऱ्यावरची एक होडी पळवतात. तिच्यात अजिराची पाण्याची बाटली सापडते, म्हणजे काळ २००७ चा. मागून दुसरी होडी येते, गोळ्या सुटतात, ज्युलिएट उलट गोळी झाडते आणि समोरचा एकजण लागल्यासारखा दिसतो. तेवढ्यात प्रकाश होतो आणि ते दुसऱ्याच काळात जातात. मागे कोण होतं, हे मालिका संपेपर्यंत कळत नाही. हे मला खरंखुरं उघडं राहिलेलं गूढ वाटतं, कारण याला कुणाचं वय वाढणं किंवा करार संपणं आड आलेलं नव्हतं.

माझी थिअरी: जेकबसाठी काम करणाऱ्या इलानाची माणसं. लॉकचं प्रेत असलेली पेटी घेऊन ते छोट्या बेटावरून होडीने मोठ्या बेटावर येतात, बंदुका त्यांच्याकडे असतात, आणि पायलट फ्रँक लॅपिडस, जो पुढे कुणाला तरी बोलला असता, तो बेशुद्ध पडलेला असतो. इतकं जुळतंय म्हटल्यावर मी मित्राला म्हणालो, किनाऱ्यावर उतरताना त्यांच्यातल्या एकाच्या तरी दंडाला पट्टी दिसेल, लाव पैज. आम्ही दृश्य थांबवून थांबवून बघितलं, एकेक माणूस मोजला. सगळे ठणठणीत. एकाच्या बाहीवर काळपट डाग होता, मी पाच मिनिटं भांडलो, पण ती घडीची सावली निघाली.