बायोसेन्सरमध्ये पीएचडी, जर्मनी आणि त्यापुढचं

साताऱ्याहून एकीने विचारलंय: अॅनॅलिटिकल केमिस्ट्रीत एमएस्सी झालंय, बायोसेन्सरवर (एन्झाइमसारख्या जैविक घटकाच्या मदतीने एखादा पदार्थ मोजणारं उपकरण) जर्मनीत पीएचडी करायचीय. कर्ज काढू का, आणि पुढे तिथेच प्राध्यापक होता येईल का?

मी तासगावची, पोस्टडॉक (पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी) धरून इथे जर्मनीत नववं वर्ष चालू आहे. जवळचीच आहेस, अगं-तुगं करते.

कर्ज काढू नकोस. इथे केमिस्ट्रीतली पीएचडी बहुतेक वेळा नोकरीच असते. ई-13 ही सरकारी वेतनश्रेणी, पण पगार अर्धा ते पाऊण. टॅक्स, हेल्थ इन्शुरन्स कापून जे उरतं त्यात एकटीचं भागतं. 'पैसे भरा, पीएचडीची सीट मिळवून देतो' म्हणणारा एजंट आला तर चहा पाजून वाटेला लाव. जागांच्या जाहिराती निघतात, नाहीतर प्रोफेसरला थेट मेल करायचा.

त्या मेलमध्ये पेपरांची संख्या मिरवू नकोस. मी मिरवली होती. इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न आला, "डिटेक्शन लिमिट लिहिलीय, ब्लँकची रीडिंग्ज किती घेतलीस?" (डिटेक्शन लिमिट म्हणजे सेन्सरला ओळखता येणारं सगळ्यात कमी प्रमाण, ब्लँक म्हणजे तो पदार्थच नसलेला नमुना.) मी म्हटलं, तीन. कुणी हसलं नाही, नुसतं वहीत टिपून घेतलं. ती जागा गेली. तीन सिग्मा (ब्लँकच्या रीडिंग्जमधला चढउतार) भागिले स्लोप (प्रमाण वाढलं की सिग्नल किती वाढतो) हे सूत्र आपल्याला झोपेतही येतं, पण सिग्माच तीन रीडिंग्जवरचा असेल तर तो आकडा कुणी का मानावा? निदान दहा ब्लँक घे. इलेक्ट्रोड अॅल्युमिनाच्या पावडरीवर स्वतःच्या हाताने घास, फेरिसायनाइडचा व्होल्टॅमोग्राम (व्होल्टेज बदलताना करंट कसा बदलतो त्याचा आलेख) काढ आणि दोन पीकमधलं अंतर आदर्श 59 मिलिव्होल्टच्या किती जवळ येतं ते रोज लिहून ठेव.

एमएस्सीचा माझा प्रोजेक्ट अॅसिटिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमवर होता. ऑर्गॅनोफॉस्फेट हे फवारणीचं कीडनाशक औषध त्या एन्झाइमला निकामी करतं, करंट पडतो, किती पडला त्यावरून औषधाचं प्रमाण. बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) सेन्सर झकास चालायचा. मग द्राक्षाचा रस घेतला. (फवारणी न झालेली द्राक्षं तासगावात शोधणं हेच खरं संशोधन, शेवटी परसातल्या वेलाची चार घडं मिळाली.) रस टाकला आणि करंट धाडकन खाली. औषध नसताना! रसाचा पीएच साडेतीनच्या आसपास, एन्झाइमला हवा सात-आठ. बफर घालून पातळ केला, तर रसातले पॉलिफिनॉल नावाचे घटक इलेक्ट्रोडवर स्वतःच ऑक्सिडाइज व्हायला लागले आणि करंट उलटा चढला. दोन महिने गेले, पेपर काही निघाला नाही. पण पुढच्या इंटरव्ह्यूत पाऊण तास फक्त या रसावर बोलणं झालं, आणि जागा मिळाली. गाईड निवडतानाही बघ, त्यांच्या पेपरांत रक्त, दूध, पाणी असं काही मोजलेलं असतं की सगळं बफरवरच थांबतं.

प्राध्यापकीचं म्हणशील तर गणित कडक आहे. विद्यापीठातल्या मुदतीच्या करारांना कायद्याने साधारणपणे पीएचडीपूर्वी 6 आणि नंतर 6 वर्षांची मर्यादा आहे. त्या पुढच्या 6 वर्षांत ज्युनियर प्रोफेसरशिप किंवा हॅबिलिटेशनच्या (प्राध्यापकीसाठीची पीएचडीनंतरची पात्रता) वाटेला लागावं लागतं, कायम जागा मोजक्या, आणि बॅचलरचे वर्ग बहुतेक ठिकाणी जर्मन भाषेत घ्यावे लागतात. माझी चार वर्षं संपलीत, दोन उरलीत. भाषा मी उशिरा धरली. तू आत्ताच क्लास लाव.

आणि निघण्याआधी सेट नाहीतर नेट (भारतात प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा) देऊन टाक. परदेशी पीएचडीवर नेटमधून सूट आहे, पण 2018च्या यूजीसी नियमांप्रमाणे विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या 500मध्ये असावं लागतं. इथली काही चांगली, लहान विद्यापीठं त्यात बसत नाहीत. माझं बसत नाही, आणि सेटचा फॉर्म मी तेव्हा आळसाने भरला नव्हता.