सख्ख्या नात्यातली किडनी असूनही शरीर ती नाकारतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की भाऊ किडनी द्यायला तयार आहे, रक्ताचंच नातं आहे, तरी डॉक्टर रिजेक्शनची भीती का घालतात, आणि ही किडनी आपल्याला जगवायला आणलीय एवढं शरीराला कळत नाही का. मी डॉक्टर नाही, पण आईची किडनी पोटात घेऊन सात वर्षं फिरतोय आणि एक रिजेक्शन भोगून झालंय.

नाही कळत. इम्युन सिस्टिमला फायदा-तोटा हा विषयच नसतो, ती फक्त आपलं की परकं एवढंच बघते. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीवर एचएलए नावाचे रेणू असतात, पेशीच्या आत जी प्रोटीन्स बनतात त्यांचे बारीक तुकडे ते बाहेर धरून दाखवतात आणि टी सेल नावाच्या पांढऱ्या पेशी फिरता फिरता ते तपासत असतात, व्हायरसचा तुकडा दिसला की त्या पेशीचा निकाल लावतात. म्हणजे ही यंत्रणा व्हायरससाठी आहे, कुणी दुसऱ्याची किडनी बसवेल हे तिच्या गावीही नव्हतं. पण घोळ असा की दुसऱ्या माणसाचा एचएलए हा टी सेलला आपल्याच एचएलएवर काहीतरी भलतं चढल्यासारखा दिसतो. एखाद्या व्हायरसला ओळखणाऱ्या टी सेल मुळात अगदी मोजक्या असतात, परक्या एचएलएवर मात्र शंभरातल्या काही तरी पेटतातच, म्हणून हा हल्ला इतका जोरदार असतो.

आता भावाचं. एचएलएची जीन्स सहाव्या क्रोमोसोमवर गठ्ठ्याने असतात, एक गठ्ठा आईकडून एक वडिलांकडून. त्यामुळे आईशी आपलं साधारण अर्धंच जुळतं, भावाशी मात्र लॉटरी आहे, पूर्ण जुळायचा चान्स चारात एक, अर्धं जुळायचा दोनात एक आणि काहीच न जुळायचा परत चारात एक. आणि पूर्ण जुळलं तरी बाकीची बारीकसारीक प्रोटीन्स वेगळी असतातच, म्हणून रिजेक्शन दाबणाऱ्या गोळ्या सुटत नाहीत. फक्त एकसारखे जुळे असतील तर गोष्ट वेगळी, १९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी अशाच जुळ्या भावाची किडनी बसवली होती आणि तेव्हा रिजेक्शनची औषधं धड नव्हती तरी ती चालली.

भाऊ म्हणजे आपलाच, हा समज किती चुकीचा ते १९४३ मध्येच दिसलं होतं. ग्लासगोत पीटर मेडावार आणि थॉमस गिब्सन यांनी एका भाजलेल्या बाईला तिच्या भावाची त्वचा लावली, ती त्वचा काही दिवसांनी शरीराने नाकारली, मग त्याच भावाची परत लावली तर ती पहिलीपेक्षा लवकर नाकारली गेली. मला विचाराल तर सगळं यात आलं, शरीर लक्षात ठेवतं! म्हणूनच आधी रक्त चढवलंय का, बायकांना बाळंतपणं किती झाली, हे सगळं विचारतात, कारण त्यातूनही परक्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊन बसलेल्या असू शकतात. त्या असतील तर नवी किडनी काही मिनिटांत किंवा तासांत काळी पडू शकते. ते टाळायलाच क्रॉसमॅच करतात, तुमचं सीरम आणि भावाच्या पांढऱ्या पेशी एकत्र करून बघतात.

माझं रिजेक्शन चौथ्या महिन्यातलं. दुखणं नाही, ताप नाही, लघवी व्यवस्थित, नुसता क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी मंदावली की वाढतो) १.३ वरून २.१ वर गेला आणि मी म्हणालो लॅबची चूक असेल. बायोप्सीत टी सेल किडनीच्या बारीक नळ्यांच्या भिंतीत घुसलेल्या दिसल्या. तीन दिवस स्टेरॉइड शिरेतून दिलं, मग १.५ वर येऊन थांबला, पूर्वीइतका खाली आला नाही. चूक माझीच होती, टॅक्रोलिमस या रिजेक्शन दाबणाऱ्या गोळीचे काही डोस तीन-चार तास उशिरा झाले होते. ही गोळी टी सेलचा एकमेकींना भडकवणारा सिग्नल दाबते, मारत नाही, त्यामुळे रक्तात कमी पडली की त्या परत जाग्या होतात. (जपानमधल्या मातीत सापडलेल्या बॅक्टेरियापासून मिळाली म्हणे, १९८४ मध्ये.) रक्तातली या गोळीची लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, मी एकदा आधी घेतली आणि लेव्हल इतकी वर आली की फोन आला.

शरीराला सवय होते का, तर थोडी होते, पहिल्या वर्षानंतर डोस बराच खाली येतो. पण वर्षानुवर्षं हळूहळू होणारं क्रॉनिक रिजेक्शन वेगळंच असतं, त्यावर औषधांचा फारसा इलाज नाही.

टायपिंगच्या, म्हणजे एचएलए तपासणीच्या, रिपोर्टमध्ये सहापैकी किती एचएलए जुळले ते लिहिलेलं असतं. शून्य आलं तरी लगेच नाद सोडू नका, नवरा-बायकोच्या काहीच न जुळणाऱ्या किडन्या वर्षानुवर्षं चालतात, आधी क्रॉसमॅच निगेटिव्ह आहे का, म्हणजे भावाच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी नाहीत ना, ते बघा.