क्वार्ट्झच्या आधी खड्डा

सांगली

अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अंटार्क्टिकाचा बर्फ पूर्वी कुठवर चढला होता यावर काम करायचं म्हणतेस, छान. दगडांचं वय काढायला लागणारं अ‍ॅक्सलरेटर यंत्र कुठे बघायला मिळेल, हे तू पहिल्याच ओळीत विचारलंस. ते सांगतो, पण आधी दगडमातीचं ऐक.

अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो सामुद्रधुनीच्या पश्चिमेला, खंडाच्या किनाऱ्यावर केनाइट नावाचा ज्वालामुखी खडक विखुरलेला सापडतो. त्याचं मूळ पलीकडच्या रॉस बेटावर, माउंट एरेबसच्या परिसरात. मधे समुद्र, आणि दगड काही पोहत येत नाही. शेवटच्या हिमयुगात रॉस समुद्रातला बर्फ जाड होऊन तळाला टेकला आणि समुद्राकडून उलटा खोऱ्यांच्या तोंडात शिरला, त्यानेच तो आणून टाकला. त्यातल्या टेलर खोऱ्याचं तोंड असं बंद झालं, आत तळं साठलं. त्या तळ्यातल्या शेवाळाच्या कार्बन-14 वरून जॉर्ज डेंटन आणि ब्रेंडा हॉल या भूशास्त्रज्ञांनी काळ बसवला. गंमत म्हणजे त्याच काळात खोऱ्याच्या वरच्या अंगाची टेलर हिमनदी मागे सरलेली होती, कारण आतल्या भागात हिमच कमी पडत होतं. तेव्हा हिमयुगात सगळीकडेच बर्फ वाढला, असं धरून चालू नकोस.

आता वय. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे क्वार्ट्झमध्ये, म्हणजे गारगोटीच्या खनिजात, बेरिलियम-10 तयार होतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे 13.9 लाख वर्षं. त्याचे अणू अ‍ॅक्सलरेटरने मोजून धोंडा किती काळ उघड्यावर आहे ते काढतात. गोची अशी, की बुडाशी गोठलेला बर्फ खडक फारसा खरवडत नाही. आधीच लाखभर वर्षं उघड्यावर पडलेला धोंडा तो अलगद उचलतो, नव्या मोरेनवर, म्हणजे बर्फाने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगावर, ठेवतो, आणि यंत्रातून निघतं ते जुनं वय. एकाच मोरेनवरच्या धोंड्यांची वयं त्यामुळे भलतीच पांगतात.

म्हणून माती बघायची. तिथल्या कोरड्या खोऱ्यांत पाऊस नाही, पडलेलं हिमही बहुतेक परस्पर वाफ होऊन जातं. हवेतून येणारे नायट्रेट, क्लोराइड, सल्फेट धुऊन जात नाहीत, साठत राहतात. कोवळ्या मोरेनची माती करडी, मीठ जेमतेम, वर धोंड्यांची गर्दी. जुन्या मोरेनवर धोंडे झिजून बारीक खड्यांची फरसबंदी झालेली, माती तांबूस, आणि खाली मिठाचा घट्ट पांढरा थर.

पांढरा थर तुला नवा नाही. कसबे डिग्रजकडे उसाला पाणी पाजून पाजून जमिनीला मीठ फुटलेलं तू लहानपणापासून बघतेस. पण तिथे कारण नेमकं उलटं. आपल्याकडे पाण्याची पातळी वर येते, क्षार घेऊन चढते, पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. एका पिढीत रान जातं. तिकडे पाणीच नाही म्हणून मीठ राहतं, आणि त्याला लाखो वर्षं लागतात. मीठ दिसलं की आधी ते आलं कुठून हे विचार, वयाचं नंतर. समुद्राजवळच्या मातीत ते मुळातच जास्त पडतं. हिमाचा ढीग वितळतो तिथे धुऊनही जातं. शिवाय गोठलेल्या बुडाचा बर्फ जुनी माती न मोडता तिच्यावरून जाऊ शकतो. माती पुरावा आहे, पण एकटीच्या भरवशावर निकाल देऊ नये.

अ‍ॅक्सलरेटर दिल्लीला इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सलरेटर सेंटरमध्ये आहे. ध्रुवीय मोहिमांचं काम वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे. दोन्हीकडे पुढे जाशीलच. सरावाला आपला काळा पाषाण मात्र उपयोगाचा नाही, त्यात क्वार्ट्झ मिळत नाही.

मे महिन्यात घरी आलीस की क्षारपड रानात मीटरभर खड्डा घे. उन्हाकडची बाजू खुरप्याने साफ करून फोटो काढ, मग दर दहा सेंटिमीटरला नमुना, खालून वर, म्हणजे वरची माती खालच्यात सांडणार नाही. एक भाग माती, अडीच भाग पाणी, क्षार मोजायचा ईसी मीटर माझ्याकडे आहे. पिशवीवर मार्करने लिहितेसच, आतही पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाक. मार्कर पुसला जातो.