अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा असिस्टंट कोच व्हायचंय? आधी पदवी ठरव, मग टीम

तुझा मेसेज मिळाला. नागपूर विद्यापीठाकडून खेळलास, बीकॉमनंतर बीपीएड, मग पतियाळ्याचा एनआयएसचा कोचिंग डिप्लोमा, आणि आता शाळेच्या मुलींना कोचिंग. हातात दोन ॲडमिशन आहेत. एक मोठं विद्यापीठ, स्पोर्ट मॅनेजमेंटची मास्टर्स, फी सगळी घरची. दुसरं कॅन्ससमधलं छोटं डिव्हिजन टू कॉलेज (इथल्या कॉलेज खेळांच्या तीन पातळ्यांतली मधली; डिव्हिजन वन सगळ्यात वरची, थ्री सगळ्यात खालची). तिथे मुलींच्या टीमबरोबर ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून काम, ट्यूशन माफ आणि वर थोडा स्टायपेंड. कोणतं घेऊ, आणि पाच वर्षांत डिव्हिजन वनच्या बेंचवर बसता येईल का, असं विचारतोस.

छोटं कॉलेज घे. डिव्हिजन वनचं आत्ता कुणीच सांगू शकत नाही आणि त्यावर झोप घालवण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न तू शेवटच्या ओळीत ‘व्हिसाचं नंतर बघू’ म्हणून उडवून लावलायस. मी स्वतः इथे डिव्हिजन थ्री कॉलेजात असिस्टंट कोच आहे, आणि मुख्यतः त्यावरच लिहिणार आहे, कारण या धंद्यात आलेली आपली मुलं खेळ कमी कळतो म्हणून परत जात नाहीत. ती जातात ती तारखा चुकल्या म्हणून.

इथल्या असिस्टंट कोचची नोकरी हेड कोचवर टांगलेली असते. मार्चमध्ये सीझन संपतो, ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे कॉलेजचा क्रीडाप्रमुख, हेड कोचला नारळ देतो, नवा येतो तो आपली माणसं घेऊन येतो. जुने असिस्टंट एका आठवड्यात बॉक्स भरतात. अमेरिकन माणसाच्या बाबतीत हे वाईट असलं तरी नेहमीचं. तो चार फोन करतो, मेव्हण्याच्या घरी उन्हाळा काढतो, ऑगस्टपर्यंत कुठेतरी लागतो. आपला व्हिसा मात्र त्या नोकरीवर टांगलेला. एच-वन-बीवर (मालकाने काढलेला नोकरीचा व्हिसा) नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, ओपीटीवर (पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी) असलास तर एकूण बेरोजगारीचे ९० दिवस. माझ्या पहिल्या नोकरीत हेड कोच बदलली तेव्हा मी ओपीटीवर होते. नव्या बाईंनी दोन वाक्यांत निरोप दिला, तोही व्यवस्थित, हसून. त्या उन्हाळ्यात मला कॉलेजच्या कोर्टपेक्षा कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसचा दरवाजा जास्त ओळखीचा झाला.

आता ‘थेट भारतातून नोकरीला अर्ज करू का’ या तुझ्या प्रश्नाकडे येते. नको. एनआयएसला मी कमी लेखत नाही. तिथे अंगात मुरलेलं टीचिंग इथे फार उपयोगी पडतं, पण इथल्या हेड कोचला ते नावही माहीत नसतं. तिला माहीत असतो तिच्या ओळखीचा माणूस आणि त्याचा फोन. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या आदेशानंतर देशाबाहेरून नव्या एच-वन-बीवर माणूस आणायचा तर मालकाला १ लाख डॉलर भरावे लागतात, असा नियम आला. कोणतं छोटं कॉलेज असिस्टंट कोचसाठी एवढे मोजेल? इथे विद्यार्थी असलेल्याने इथूनच स्टेटस बदललं तर ती रक्कम लागत नाही, असं पुढे स्पष्ट करण्यात आलं. हे नियम बदलत राहतात, म्हणून निघायच्या आधी कॉलेजच्या ऑफिसकडून लेखी घे. दिशा मात्र तीच राहते: आत यायचं ते विद्यार्थी म्हणून.

विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं. ग्रॅज्युएट असिस्टंटचं काम त्यात बसतं, आणि त्याचं पत्र आय-ट्वेंटीबरोबर (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) जोडलं की बँकेत दाखवायची रक्कम बरीच खाली येते. घरचं शेत गहाण ठेवायची वेळ टळते ती इथे. पण हे २० तास कागदावरचे असतात. जानेवारीत गुरुवार-शनिवार मॅच, मध्ये बसप्रवास, रात्री मॅचची फिल्म बघणं, या सगळ्यात २० तास बुधवारीच संपतात. पहिल्या आठवड्यातच हेड कोचला स्पष्ट विचार की तास कसे मोजणार. चांगली कोच हा प्रश्न ऐकून चिडत नाही. चिडली तर तेही वेळेत कळलेलं बरं.

आणखी एक गोष्ट इथलं कुणी तुला आपणहून सांगणार नाही, कारण त्यांच्या डोक्यातच येत नाही. या धंद्यात शिरायचा इथला रूढ रस्ता म्हणजे फुकट राबणं आणि उन्हाळ्यात कॅम्प करणं. जूनभर वेगवेगळ्या कॉलेजांच्या कॅम्पमध्ये लहान पोरांना शिकवायचं, दिवसाचे रोख पैसे घ्यायचे, रात्री बाकीच्या कोचांबरोबर पिझ्झा खात ओळखी वाढवायच्या. दुसऱ्या कॉलेजच्या कॅम्पचे ते रोख पैसे तुला परवानगीशिवाय घेता येत नाहीत. ‘मग पैसे नको, असंच करतो’ हेही सरळ नाही. ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात ते फुकट केलं तरी अडचण होऊ शकते. आधी सीपीटी, म्हणजे शिकत असताना कोर्सचा भाग म्हणून बाहेर काम करायची परवानगी, मिळते का ते विचार. मिळाली नाही तर आपल्याच कॉलेजच्या कॅम्पवर कर, तो कॅम्पसवरच्या कामात धरता येतो का तेही ऑफिसला विचारून.

पदवीचं गणित असं. मास्टर्सनंतर ओपीटी १२ महिन्यांची. विषय एसटीईएम यादीत (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित या विषयांची सरकारी यादी) असेल तर आणखी २४ महिने. स्पोर्ट मॅनेजमेंट सहसा त्या यादीत नसतं. म्हणून छोट्या कॉलेजला विचार की ग्रॅज्युएट असिस्टंट राहून डेटा ॲनालिटिक्स किंवा एक्सरसाइज फिजिऑलॉजीसारखं काही करता येईल का, आणि त्या कोर्सचा कोड यादीत आहे का. कोर्सच्या नावावर जाऊ नकोस, कोड बघ. तीन वर्षं आणि बारा महिने यातला फरक म्हणजे तीन सीझन आणि एक सीझन. एका सीझनमध्ये कुणी तुला ओळखतही नाही.

पदवी मे महिन्यात पूर्ण होईल असं बघ. फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतली शेवटच्या चार टीमची फेरी, एप्रिलच्या सुरुवातीला असतं, त्यानंतर दोन-तीन महिने नोकऱ्यांची उलथापालथ चालते. डिसेंबरमध्ये पदवी घेतलीस तर भर सीझनमध्ये कुणी माणूस घेत नाही आणि ओपीटीचे दिवस पळत राहतात. बीकॉम तीन वर्षांचं आहे म्हणून काही ठिकाणी अडवतील. बीपीएड धरून पदव्यांचं मूल्यांकन करून घे.

पुढे एच-वन-बी. हे व्हिसा मर्यादित असल्याने लॉटरी निघते, पण सरकारी आणि ना-नफा विद्यापीठं आणि कॉलेजं त्यातून वगळलेली असतात, ही आपल्यासाठी सगळ्यात मोठी सोय. आयटीतल्या मित्रांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. अडचण दुसरीकडे आहे. त्या कामाला विशिष्ट विषयाची पदवी लागते हे सिद्ध करावं लागतं आणि बाजारभावाप्रमाणे ठरलेला किमान पगार द्यावा लागतो. डिव्हिजन थ्रीमध्ये असिस्टंटच्या कितीतरी जागा पार्ट-टाइम, वर्षाला काही हजार डॉलर मानधनाच्या. त्यावर व्हिसा उभा राहत नाही. म्हणून जोडकाम लागतं. मी कोचिंगबरोबर किनेसिऑलॉजीचे (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) वर्ग घेते आणि माझी व्हिसाची फाईल उभी आहे ती मुख्यतः त्या वर्गांवर. बाहेर मी कोच, कागदावर आधी शिक्षिका. तुझ्या बीपीएडचा खरा उपयोग इथे आहे.

पैशाचं थोडक्यात सांगते. वरच्या डिव्हिजन वनमध्ये असिस्टंटला लाखांत डॉलर मिळतात. खाली कॉलेजच्या वसतिगृहात खोली आणि मेसचं कार्ड हाच पगाराचा मोठा भाग असू शकतो. मधली पायरी फार अरुंद. पूर्वी तर एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, १९९२ पासून डिव्हिजन वनमधल्या एका दर्जाच्या असिस्टंटना वर्षाला १६,००० डॉलरची मर्यादाच घातली होती. कोच कोर्टात गेले, जिंकले, आणि १९९९ मध्ये प्रकरण ५ कोटी ४५ लाख डॉलरवर मिटलं. आता मर्यादा नाही, पण गर्दी आहे. २०२३ मध्ये डिव्हिजन वनच्या टीमला आणखी दोन कोच ठेवायची मुभा मिळाली, म्हणजे एकूण पाच असिस्टंट, त्यातले तिघंच बाहेर रिक्रूटिंगला, म्हणजे नवे खेळाडू शोधायला, जाऊ शकतात. बाकी दोन जागा फिल्म आणि स्किल डेव्हलपमेंटवाल्यांच्या. इथल्या शाळांमध्ये ज्याच्या ओळखी नाहीत अशा तुझ्यामाझ्यासारख्याला फट आहे ती त्या दोन जागांत.

म्हणून फिल्म शीक. मॅचचे व्हिडिओ बघून विश्लेषण करायची सिनर्जी आणि हडल ही दोन सॉफ्टवेअरची नावं आजच पाठ कर. आमच्याकडे प्रत्येक असिस्टंटकडे काही प्रतिस्पर्धी वाटून दिलेले असतात. मंगळवारच्या मॅचचा स्काउट, म्हणजे समोरच्या टीमच्या खेळाचा अभ्यास, माझा असेल तर शनिवारी रात्री घरी परतताना बसमध्येच लॅपटॉप उघडतो. त्यांच्या शेवटच्या चार-पाच मॅच, प्रत्येक सेट प्ले (ठरवलेली चाल), इनबाउंड (रेषेबाहेरून बॉल आत टाकणं), कोण कुठल्या हाताने ड्राइव्ह करते. त्यातून पोरींना द्यायचा कागद एकच. सुरुवातीला मी पाच पानं लिहायची. हेड कोचने ती बघून विचारलं, ‘यातलं काय चुकलं तर आपण हरू?’ मी दोन गोष्टी सांगितल्या. ती म्हणाली, मग त्या दोनच लिही. एकदा ती गोष्ट एवढीच होती की त्यांची बारा नंबर डावीकडे गेली की शॉट घेते, उजवीकडे गेली की पास करते. सोमवारच्या प्रॅक्टिसला कॉलेजातल्या एका सहा फुटी मुलाला बारा नंबरची बिब घालून अर्धा तास तेच करायला लावलं. मॅचमध्ये आमच्या गार्डने तिला रात्रभर उजवीकडे ढकललं. तिचे नेहमीचे पॉइंट झाले नाहीत. बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे मॅचच्या आकडेवारीत, असिस्टंटचं नाव नसतं.

तो सहा फुटी मुलगाही लक्षात ठेव. मुलींच्या कॉलेज टीम मुलांना प्रॅक्टिस प्लेयर म्हणून घेतात. फुल-टाइम विद्यार्थी असावं लागतं आणि पात्रतेचे नियम पाळावे लागतात. तुझं असिस्टंटशिपचं काही फिसकटलंच तर आणि नियमांत बसत असशील तर जिममध्ये रोज असण्याचा हा एक मार्ग आहे. दुसरा मॅनेजरचा. टॉवेल, बॉल, पाणी, रिबाउंडिंग, कॅमेरा. आपल्याकडे बीपीएड झालेल्या माणसाला टॉवेल घड्या करायला लाज वाटेल, इथे त्याच घड्यांतून पुढे डोबो झालेले आहेत. डोबो म्हणजे डायरेक्टर ऑफ बास्केटबॉल ऑपरेशन्स: बस, हॉटेल, जेवण, वेळापत्रक.

रिक्रूटिंगबद्दल तुझ्या मनात काही भव्य चित्र दिसतंय. डिव्हिजन वनच्या कोचांचा जुलै असा असतो: मोठ्या हॉलमध्ये एकाला एक लागून आठ-दहा कोर्ट, बेसलाइनला घडीच्या खुर्च्या, त्यावर आपापल्या कॉलेजच्या लोगोचे टी-शर्ट घातलेले कोच. मुलीशी बोलायची परवानगी नसते. तिने लोगो बघावा, आपण तिच्यासाठी आलोय हे तिला कळावं, म्हणून तीन-तीन तास तसंच बसायचं. बाकी वर्षभर मेसेज, आईला फोन, हायस्कूलच्या कोचला फोन. आमच्या डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप देता येत नाही, तेव्हा मी मुलींना विकते ते नर्सिंगचा कोर्स आणि आर्थिक मदतीचं पॅकेज. ड्रायव्हिंग चांगलं हवं. बर्फात चालवायची सवय पहिल्याच हिवाळ्यात होते. ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आणि २०२१ नंतर खेळाडूंना स्वतःचं नाव-प्रतिमा वापरू देण्याबद्दल मिळू लागलेल्या एनआयएलच्या पैशामुळे वरच्या पातळीवर हे काम आता दरवर्षी जवळजवळ नवी टीम जमवण्याचं झालंय. त्यात आपला निभाव लागेल असं मला स्वतःबद्दल वाटत नाही. तुझं तू ठरव.

पाच वर्षांत वर जाण्याबद्दल एवढंच सांगते. नॉर्थ कॅरोलिनाचे बिल गथ्रिज ३० वर्षं डीन स्मिथांचे असिस्टंट होते, १९९७ मध्ये हेड कोच झाले आणि तीन वर्षांत दोनदा टीमला फायनल फोरला नेलं. गोन्झागाचे टॉमी लॉइड असिस्टंट म्हणून दोन दशकं थांबले, परदेशी खेळाडू आणण्यात नाव कमावलं, २०२१ मध्ये ॲरिझोनाचे हेड कोच झाले. आणि कनेक्टिकटच्या क्रिस डेली १९८५ पासून जीनो ऑरिएमांच्या शेजारी बसल्यात. १२ राष्ट्रीय विजेतेपदं झाली, हेड कोच व्हायला त्या कुठे गेल्या नाहीत. इथे याला कुणी मागे राहणं म्हणत नाही. आपल्याकडे काका-मामा ‘अजून असिस्टंटच का’ म्हणून विचारतील, त्याची तयारी ठेव.

आपलं भारतीय असणं कामी येईल का, हेही विचारलंयस. थोडंफार. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडाला एनबीए अकॅडमी सुरू झाली, तिथून निघालेला अमान संधू मॉनमथमध्ये डिव्हिजन वन खेळला, बेंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनाकडून खेळली. नागपाड्याच्या आणि डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवरच्या मुलींची फिल्म बघून कोण कोणत्या पातळीला बसेल हे सांगू शकणारा माणूस इथल्या छोट्या कॉलेजला हवा असतो. ही यादी तू तिथे असतानाच बनवायला घे. इथे आल्यावर बनत नाही.

कॅन्ससच्या कोचला उत्तर पाठवताना लांबलचक बायोडेटा नको. त्यांच्या गेल्या सीझनची एखादी मॅच ऑनलाइन मिळेल. ती बघून एका पानाचा स्काउट लिही आणि सोबत जोड. ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी मला पाठव. त्यात मी तीन गोष्टी बघेन: ट्यूशन उन्हाळ्याचीही माफ आहे की फक्त दोन टर्मची, हेल्थ इन्शुरन्स कोण भरतं, आणि हेड कोच बदलली तर तुझी असिस्टंटशिप दुसऱ्या वर्षी चालू राहील असं ॲथलेटिक डिपार्टमेंट लिहून देतं का. तिसरी नसेल तर मागून घे, मिळते. आणि उत्तराला उशीर झाला तर रागावू नकोस, सध्या माझ्याही मुली इकडून तिकडे ट्रान्सफर होतायत आणि फोन सतत वाजतोय.